पितृपक्षातला अल्बम

कार्यालयाच्या मॅनेजर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "मुलीकडचे की मुलाकडचे?"

मी म्हटलं, "कुणाकडचेच नाही. बँड."

"बँड आमचा ठरलेला असतो. बाहेरचा चालत नाही."

मग समजावून सांगण्यात अर्धा तास गेला. लग्न नाही, मुंज नाही, साखरपुडा नाही. तीन दिवस मोठा हॉल हवाय. जेवण नको, डेकोरेशन नको, गुरुजी नकोत. ड्रमसेट लावायचा आहे आणि तो वाजवून रेकॉर्ड करायचा आहे. काकांनी डायरी काढली, बोटाला थुंकी लावून ऑक्टोबरपर्यंत आले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"अहो, पितृपक्ष आहे."

"म्हणूनच."

भाडं एरवीच्या जेमतेम पाव ठरलं. वीज मीटरप्रमाणे वेगळी. "पितृपक्षात हॉल मागायला आलेले तुम्ही पहिलेच," असं म्हणत त्यांनी पावती फाडली आणि कार्यक्रमाच्या रकान्यात थोडा विचार करून 'इतर' लिहिलं.

ही २०२३ची गोष्ट. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे सगळेच सण पुढे गेले होते. गणपती १९ सप्टेंबरला बसले, अनंत चतुर्दशी २८ला आणि सर्वपित्री अमावास्या थेट १४ ऑक्टोबरला. आमच्या दुसऱ्या अल्बमचं वेळापत्रक पंचांगावर बेतलं जाईल असं २०१७ साली, पहिला अल्बम आला तेव्हा, कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला हसलो असतो.

आम्ही मराठीत रॉक वाजवतो. चौघं आहोत. मी गातो, गिटार वाजवतो आणि बहुतेक गाणी लिहितो. ड्रमरचं पेठेत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. बेस वाजवणारी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे दिवसभर लोकांचे कान तपासते आणि संध्याकाळी आमच्यामुळे स्वतःचे बिघडू नयेत म्हणून बोळे घालून वाजवते. दुसरा गिटारवाला पहिल्या अल्बमनंतर एमएस करायला स्टुटगार्टला गेला आणि तिथलाच झाला. त्याला काढायचं कुणालाच सुचलं नाही, त्यालाही सोडायचं सुचलं नाही, म्हणून तो अजून बँडमध्ये आहे.

पहिला अल्बम दहा दिवसांत झाला होता. तासावर भाडं घेणारा स्टुडिओ, भिंतींना फोम, घड्याळाकडे सगळ्यांचं लक्ष. गाणी मात्र पाच-सहा वर्षं कॉलेजच्या गॅदरिंगांत आणि पबांच्या कोपऱ्यांत वाजवून घासली गेली होती. कुठल्या ओळीला लोक मान हलवतात आणि कुठल्या ओळीला बाथरूमला जातात हे पाठ होतं. रेकॉर्डिंगमधलं मात्र आम्हाला शष्प कळत नव्हतं. दुसऱ्या वेळी बरोबर उलटं झालं. लॉकडाउनमध्ये प्रत्येकानं घरी इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडायची पेटी, घेतला, दोन चांगले माइक घेतले, रात्र रात्र व्हिडिओ बघून कॉम्प्रेसर म्हणजे काय ते शिकून घेतलं. सतरा डेमो तयार झाले. एकेका गाण्यात चौदा-चौदा गिटारी. सहा महिन्यांनी सलग ऐकायला बसलो तर सतराही गाणी म्हणजे पहिलाच अल्बम, फक्त जास्त गर्दीचा. त्यातली अकरा आम्ही तिथल्या तिथे टाकून दिली. बेसवाली म्हणाली, "बरं झालं. मला त्यातल्या नऊ गाण्यांत एकच ओळ वाजवायची होती."

पण खरी बोच वेगळी होती. पहिला अल्बम आल्यावर एका कार्यक्रमाला माझी मामी आली होती. शेवटपर्यंत बसली, नंतर डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "छान वाजवता रे. आम्हाला इंग्रजी कळत नाही एवढंच." सगळी गाणी मराठी होती.

आता जरा व्याकरणाचं सांगतो, कारण अल्बम शेवटी त्याच्यावरच फिरला. बोलताना आपण 'दार उघडंच होतं' म्हणतो. गाताना ओळीच्या शेवटी सूर लांबवायचा असतो आणि 'होतं' मधला शेवटचा अं लांबत नाही. ताणला की कण्हल्यासारखा वाटतो, तोंड धड उघडं नाही, धड मिटलेलं नाही. 'होते' म्हटलं की ए छान पसरतो, गळा मोकळा होतो. पण मग मागचंही बदलावं लागतं: 'दार उघडेच होते'. हे वाक्य फेटा बांधून कुणीतरी स्टेजवर उभं आहे असं ऐकू येतं. भावगीताला ते शोभतं, डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारीवर नाही. जुन्या लोकांना हा प्रश्न पडला नसणार असं नाही. शाहीर शेवटी 'जी जी' लावतो आणि त्या ई वर हवा तेवढा वेळ उभा राहतो. जात्यावरच्या ओवीत 'बाई' येते. आम्ही 'जी जी' लावलं असतं तर लोकांनी त्याला फ्यूजन म्हटलं असतं, आणि एका सतारीच्या प्रयोगानंतर आमच्यात त्या शब्दाची दहशत आहे.

पहिल्या अल्बमभर मी 'होते', 'गेले', 'केले' गायलो होतो आणि तेही बहुतेक गाण्यांत मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या पुढच्या लयीत. त्यात 'वाट', 'हात', 'रात' अशा शब्दांचा शेवटचा अ आपण बोलताना खातो, तो गाताना मी कधी खायचो, कधी नाही. मामीची काय चूक?

तेव्हा ठरवलं, या वेळी बोलतो तसंच गायचं. 'होतं' म्हणायचं आणि सोडून द्यायचं, ताणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात ओळ संपली की पुढे दोन मात्रा भकास रिकाम्या राहायच्या. जॅम रूममध्ये फोम लावलेला, तिथे आवाज तोंडातून निघाल्या निघाल्या मरतो. रेकॉर्ड करून ऐकलं की गाणारा मध्येच फोन घ्यायला गेला असं वाटायचं. त्या भोकात गिटार भरून बघितली. पुन्हा गर्दी. सॉफ्टवेअरमधला रिव्हर्ब, म्हणजे खोट्या खोलीचा घुमारा, लावून बघितला. तो छान होता आणि कुठल्याही देशातल्या कुठल्याही चर्चचा होता.

हॉल सापडला तो ड्रमरच्या चुलतबहिणीच्या लग्नात. जेवणं आटोपत आली होती, वरचा हॉल रिकामा झाला होता आणि कुणीतरी स्टेजवरच्या माइकवरून सांगत होतं की पांढरी स्विफ्ट ज्यांची असेल त्यांनी गेटसमोरून काढा. 'काढा' हा शब्द पत्र्याखाली दोन-तीन सेकंद तरंगत राहिला. ड्रमरनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मी स्टेजवर गेलो, त्या माणसाकडून माइक घेतला आणि 'होतं' एवढंच म्हणून गप्प उभा राहिलो. मी ताणलं नव्हतं. हॉलनं ताणलं. नवरीची आत्या कोपऱ्यात आहेराची पाकिटं मोजत होती, तिनं मोजणी थांबवून विचारलं, "काय होतं?"

तर ३ ऑक्टोबरला सकाळी आम्ही टेंपो घेऊन कार्यालयात हजर. पण ड्रमरची अवस्था सांगायला हवी. तो ढोल-ताशा पथकात ढोल वाजवतो. जुलैपासून रोज संध्याकाळी नदीकाठी सराव आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत आख्खी रात्र. त्याच्या कमरेला ढोलाच्या दोरीचे वळ होते, डाव्या तळव्याची सालं निघाली होती, पण ते चालतं, पट्टी मारता येते. कानांचं तसं नसतं. ३० तारखेला बेसवालीनं त्याला दवाखान्यात नेऊन ऑडिओग्राम काढला. ४००० हर्ट्झपाशी आलेख खड्ड्यात गेला होता. मोठ्या आवाजाचा मार पहिल्यांदा तिथेच बसतो म्हणे, आणि नशीब असेल तर काही दिवसांत बराचसा भरून येतो. ती त्याच्यावर जी काही भडकली ते इथे लिहीत नाही. पण त्या खड्ड्याचा हिशोब आम्हाला पहिल्याच दिवशी द्यावा लागला. झांजा त्याला पुरेशा ऐकू येत नव्हत्या, म्हणून तो त्या बडवत होता. हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटायची झांजांची जोडी, सगळ्या माइकांत घुसली. संध्याकाळी आम्ही क्रम बदलला: संथ, ब्रश लावून वाजवायची दोन गाणी आधी, दणदणीत तिसऱ्या दिवशी. तोवर तो दुकानात नाही, मिरवणुकीत नाही, हॉलबाहेर कानात बोळे. तिसऱ्या दिवशी तोच हाय-हॅटवर निम्म्या जोरानं वाजवत होता.

हॉलचा नाद मोजायला आम्ही फुगा फोडला. मागच्या एका वाढदिवसाचे दोन फुगे छताला चिकटून राहिले होते, तेच काठीनं काढले. रिकाम्या हॉलमध्ये तो फट्‌ आवाज विरायला तीन सेकंदांहून जास्त लागले. खाली फरशी, वर पत्रा, भिंती ऑइल पेंटच्या, दुसरं काय होणार? मग काकांच्या परवानगीनं गोदामातल्या सगळ्या सतरंज्या आणि वऱ्हाडाच्या गाद्या काढल्या, गादीवाल्या दोनशे खुर्च्या मांडल्या. नाद साधारण दोन सेकंदांवर आला. आणखी काही घालायला नव्हतं. माणसं घातली असती तर कमी झाला असता, पण पितृपक्षात माणसं कुठून आणणार?

इथे आमची सगळी तयारी कोसळली. दीडशेच्या लयीतली गाणी आम्ही आठ महिने घोटली होती. १५२च्या लयीत चार मात्रांचा एक बार दीड सेकंदाच्या जरासाच वर भरतो. नाद दोन सेकंदांचा. म्हणजे गेल्या बारचा सगळा गोंधळ पुढच्या बारवर सांडतो. ऐकायला असं वाटतं की ड्रमर जिन्यावरून पडतोय आणि पडायचा थांबत नाही. दुपारी तीनपर्यंत आम्ही माइक हलवत बसलो. चूक माइकांची नव्हती. शेवटी बेसवालीनं फोनवर भागाकार केला आणि म्हणाली, "११६ला बार दोन सेकंदांच्या जरासा वर जातो." आम्ही १५२चं गाणं ११६ला वाजवून बघितलं. पहिली दोन मिनिटं सगळ्यांना झोपेत चालल्यासारखं वाटलं. मग मी गाइड म्हणून, म्हणजे वाजवणाऱ्यांना वाट कळावी एवढ्यासाठी, जे काही गात होतो त्यातले शब्द मलाच ऐकू यायला लागले. 'दार उघडंच होतं', मग हॉलचा अं, तो विरतोय न विरतोय तोवर स्नेअर ड्रमचा ठोका. दोन मात्रांचं भोक हॉलनं बरोबर बुजवलं होतं. नऊपैकी पाच गाण्यांची लय त्या दुपारी बदलली. गाण्याची लय जागा ठरवते हे मी आधी कुणाकडून ऐकलं असतं तर मान डोलावून विसरलो असतो.

दोन माइक ड्रमपासून लांब, पार मागच्या भिंतीपाशी, बारा मीटरवर लावले होते. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तिथे पोचायला त्याला सेकंदाचे पस्तीस हजारांश लागतात. कागदावर हे काहीच नाही. कानाला ते ड्रमच्या मागे दुसरा ड्रम अर्धा पाऊल उशिरा उभा असल्यासारखं लागतं. संगणकावर ती दोन रेकॉर्डिंग पुढे ओढून जुळवता येतात. जुळवून बघितली, हॉल गायब झाला, परत मागे नेली.

ताटांचं प्रकरण दुसऱ्या दिवशी उघड झालं. फ्लोअर टॉमवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमवर, ठोका पडला की हेडफोनमध्ये मागून बारीक झिंग असा आवाज यायचा. आधी स्नेअरच्या तारांवर संशय घेतला, मग खुर्च्यांवर, मग पत्र्याच्या स्क्रूवर. शेवटी मी हेडफोन घालून, लांब केबल ओढत, हातात माइक धरून हॉलभर फिरलो आणि झिंग मोठी मोठी होत गेली ती स्वयंपाकघराच्या दारात. आत स्टीलची चारेकशे ताटं एकावर एक रचून ठेवली होती. त्यांना टॉमचा सूर लागत होता. ताटांच्या थप्प्या गाद्यांत गुंडाळल्या तेव्हा काका म्हणाले, "लग्नात बँड वाजतो तेव्हा नाही वाजत ती." लग्नात त्यांत जेवण असतं, असं ड्रमर म्हणाला. ही झिंग एका गाण्यात मुद्दाम ठेवावी असं मला फार वाटत होतं. ठेवली. चार महिन्यांनी मिक्समध्ये ऐकलं तर ज्याला ताटांची गोष्ट माहीत नाही त्याला तो नुसता बिघाड वाटत होता. प्रत्येकाला शेजारी बसून गोष्ट कुठे सांगणार? काढली.

शेजारच्या सोसायटीच्या गच्च्यांवर रोज दुपारी पानं ठेवली जात होती, त्यामुळे बारानंतर कावळ्यांचा असा काही कालवा की खिडक्या बंद करूनही आत येई. सगळ्यात हळुवार गाण्याचा सातवा टेक, शेवटची झांज विरतेय, आम्ही श्वास रोखून उभे, आणि खिडकीपाशी एक स्वच्छ काव. ड्रमर काड्या खाली ठेवत म्हणाला, "शिवला. चला, आजोबा खूश आहेत." तोच टेक आम्ही वापरला. काव कापून.

रात्री दहाला वाजवणं बंद करायचं हे काकांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं आणि ते आम्ही तंतोतंत पाळलं. दहानंतर अँप न लावता बेस थेट इंटरफेसमध्ये घालून वाजवायचो, हेडफोनवर. तिथे तिसऱ्या रात्री एक भूत भेटलं. बेसवाली खालचा जी वाजवायची, सगळ्यात जाड तारेवरचा तिसरा पडदा, आणि तो सूर सेकंदाला एकदा हेलकावे खायचा. वर, खाली, वर, खाली. बाकी सगळे सूर ठीक. तिनं तार बदलली. मी गिटार बदलायला सांगितली. ड्रमर कोपऱ्यात पडून ऐकत होता. तो उठला, म्हणाला, "जी किती हर्ट्झचा?" तिनं सांगितलं, ४९. तो म्हणाला, "आणि लाइट ५०चा." आमच्या सिग्नलमध्ये विजेची गुणगुण मिसळली होती. इतकी हलकी, की एरवी कळत नव्हती. पण ४९ आणि ५० एकत्र वाजले की त्यांच्यातल्या एकाच्या फरकानं सेकंदाला एक हेलकावा येतो. दोन तानपुऱ्यांच्या तारा जवळजवळ जुळल्या की जसा येतो तसाच. त्यानं टेस्टर काढला, सॉकेट उघडलं. आमच्या बोर्डाला अर्थिंगच नव्हतं, वायर आत नुसती लोंबत होती. रात्री साडेअकराला पितृपक्षातल्या रिकाम्या मंगल कार्यालयात आमचा ड्रमर बॅटरीच्या उजेडात अर्थिंग जोडत होता. काकांनी दुसऱ्या दिवशी सॉकेट बघितलं आणि हॉलचे आणखी सहा बोर्ड त्याच्याकडून करून घेतले. त्याचे पैसे भाड्यातून वळते झाले.

स्टुटगार्टच्या गिटारी नोव्हेंबरात आल्या. तो तिकडे अँप लावू शकत नाही, शेजारी जर्मन आहेत. त्यानं गिटार कोरडी, म्हणजे अँपशिवाय नुसती, रेकॉर्ड करून पाठवायची, आम्ही ती इथे माझ्या अँपमधून वाजवून समोर माइक लावायचा, असं ठरलं होतं. पहिली फाइल लावली आणि सगळं गाणं वर चढलेलं, शिवाय धावत सुटलेलं. ई मधली गिटार एफच्याही पुढे, धड एफ शार्पही नाही. आम्ही त्याला फोन करून तुझं ट्यूनिंग गेलंय म्हणून सांगितलं. तिकडे सकाळचे साडेसहा, इकडे अकरा. त्यानं झोपेत ट्यूनर कॅमेऱ्यासमोर धरला. बरोबर होतं. भांडण फार पुढे गेल्यावर कळलं की त्यानं सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी रेकॉर्ड केलं होतं आणि आमचा प्रोजेक्ट ४८,०००चा होता. सॉफ्टवेअरनं न बदलता ती तशीच पुढे रेटली होती. दीड अर्धसुराचा फरक. या सगळ्यात त्याचा काही दोष नव्हता, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

माझा आवाज मी डिसेंबरात घरी रेकॉर्ड केला, आईच्या खोलीत, चार गोधड्या दोरीवर टांगून. मराठीत महाप्राण फार, हे माइकसमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. 'भ', 'फ', 'ख' म्हटलं की वाऱ्याचा गोळा सुटतो. भरतकामाच्या रिंगेवर आईचा जुना नायलॉनचा पायमोजा ताणून पुढे धरला, तेव्हा जमलं. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जातात, म्हणून गुरुवार सोडून. भंगारवाला रोज सव्वादहाला. आई कुकर लावायच्या आधी विचारायची, "आत्ता शिट्टी चालेल का?"

आता या कोरड्या गाण्याला हॉल हवा होता आणि हॉलमध्ये लग्नं सुरू झाली होती. जानेवारीत पौष लागल्यावर काकांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्हाला मुहूर्त नसलेलेच दिवस कसे काय आवडतात?" अर्धा दिवस मिळाला. स्टेजवर एक मोठा स्पीकर ठेवला, त्यातून नुसता माझा आवाज सोडला आणि मागच्या भिंतीपाशी, ऑक्टोबरात होते तिथेच, दोन माइक. सतरंज्या, गाद्या, दोनशे खुर्च्या पुन्हा तशाच. फोटो काढून ठेवले होते म्हणून बरं. रिकाम्या हॉलमध्ये स्वतःचा वाद्यांविना आवाज नऊ गाणी ऐकणं ही शिक्षा आहे. बेसवाली पहिल्या दोन गाण्यांनंतर चहाला निघून गेली.

मिक्स करणारा मित्र बंगळुरात असतो, त्याला मराठीचं अक्षर येत नाही. हे आम्हाला आधी चांगलं वाटलं होतं, कान कोरा राहील म्हणून. त्यानं पाठवलेल्या पहिल्या मिक्समध्ये आवाज गिटारीच्या मागे, खोल. त्याला तो एका वाद्यासारखा ऐकू येत होता आणि वाद्य म्हणून तो बरोबर जागी होता. शिवाय माझ्या तोंडातला च बोथट झाला होता. 'चांदणं', 'जवळ' यांतला दातांमागचा च आणि ज त्याला सकाराचा खरखराट वाटला, त्यानं तो दाबणारं यंत्र लावलं, तर 'चांदणं'चं जवळजवळ 'तांदणं' झालं. मी त्याला फोनवर दोन च शिकवले. चहातला आणि चांदण्यातला. तो अर्धा तास चहा, चांदणं, चहा, चांदणं म्हणत होता. पुढच्या मिक्समध्ये प्रत्येक शब्द होता. गिटारी खाली गेल्या म्हणून स्टुटगार्टहून निषेध आला, तो नोंदवून घेतला.

मास्टरिंगबद्दल, म्हणजे अल्बम बाहेर जाण्याआधी आवाजावर फिरवायच्या शेवटच्या हाताबद्दल, एवढंच: पहिल्या अल्बमला आम्ही ठोकून ठोकून मोठं केलं होतं आणि स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी एका पातळीवर आणताना ते परत खाली ओढतात. मोठेपणा जातो, ठोकल्याच्या खुणा राहतात. या वेळी हात लावू दिला नाही.

अल्बम १० मे २०२४ला आला. शुक्रवार होता, तो जगभरच्या गाण्यांचा वार, आणि अक्षय्य तृतीया, ती ड्रमरच्या आईची अट. एक तरी गोष्ट मुहूर्तावर करा, असं त्या म्हणाल्या होत्या. खर्चाचा हिशोब अजून पूर्ण जुळलेला नाही, पण सगळ्यात स्वस्त पडली ती जागा, हे नक्की.

जूनच्या पहिल्या पावसात मी काकांना पेनड्राइव्ह द्यायला गेलो. त्यांनी तो ऑफिसातल्या टीव्हीला न लावता थेट हॉलच्या सिस्टिमला लावला. हॉल रिकामा होता, सतरंज्या गोदामात. आमच्या गाण्यातला हॉल खऱ्या हॉलमध्ये वाजायला लागला आणि सगळं दुप्पट लांबलं. ड्रम तर भजनाला बसल्यासारखे. काका स्वयंपाकघराच्या दारात, हात मागे बांधून, पहिलं गाणं शेवटपर्यंत उभ्यानं ऐकत होते. संपल्यावर माझ्याकडे वळले.

"चांगलं आहे. पण गाण्यात 'होतं' नाही म्हणत. 'होते' म्हणतात. 'दार उघडेच होते'. म्हणून बघा, ताणायला बरं पडेल."

मग खुर्चीवर बसले, डायरी काढली, आणि पौषातल्या विजेचे राहिलेले ३४० रुपये मागितले.